आमच्या परसातली भोकरी

आमच्या हॉस्टेलमध्ये लातूरपासून सिंधुदुर्गपर्यंतची पोरं आहेत. मी निफाड तालुक्यातला आहे हे कळलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "मग काय, घरी वाईन असेल ना?" आणि दुसरी मागणी, "येताना पेटी आण." पेटी मी दरवर्षी आणतो, ती जिन्यातच संपते. वाईनचं म्हणाल तर आमच्या आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे आमच्या घरात ती बाटली उंबरा ओलांडून कधी आत आलेली नाही. संपादक मंडळानेही काळजी करू नये. हा लेख वाईनबद्दल थोडा आहे, पण पिण्याबद्दल अजिबात नाही. हा एका द्राक्षाबद्दल आहे, आणि त्या द्राक्षाचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं नसेल. भोकरी.

आमच्या घरामागे, गोठा आणि पॅकिंग शेड यांच्या मधे, एक जुनी वेल आहे. खोड माझ्या मांडीएवढं जाड, साल दोरखंडासारखी पिळलेली. मंडप लोखंडी अँगलचा नाही, आबांनी कधीतरी जुने वासे टाकून केलेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिला हिरवट पिवळे घड येतात. मणी मध्यम, जरा लांबट, साल पातळशी, आत बिया. चव आपल्या थॉम्सनसारखी सरळ साखरेची नाही. आधी पाणी, मग गोडी, आणि शेवटी जिभेच्या कडेला किंचित आंबट असं काहीतरी राहतं. लहानपणी आम्ही बिया कोण लांब थुंकतो याच्या स्पर्धा लावायचो. भोकराच्या फळासारखा मणी म्हणून भोकरी, असं आबा सांगतात. व्युत्पत्ती खरी की खोटी ते मराठीच्या सरांनी बघावं.

आबांच्या वडिलांच्या काळात नाशिक भागात हीच द्राक्षं होती. भोकरी, फकडी, हबशी, पांढरी साहेबी, काळी साहेबी. नावं ऐकूनच वाटतं की कुणाच्या तरी दरबारातून उठून आलीत! आणि एका अर्थी ते खरंही आहे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली. त्याच शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली आहे, आणि ती वर्षातून दोनदा येतात असंही लिहून ठेवलं आहे. आमच्याकडे आजही वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पूर्वी पावसाळ्यातला आंबट बहार आणि उन्हाळ्याच्या तोंडचा गोड बहार असे दोन्ही घेत, आता फक्त गोड घेतात. इतक्या शतकांपूर्वीच्या प्रवाशाने लिहिलेली गोष्ट आपल्या बांधावर तशीच दिसावी याची मला गंमत वाटते. आमच्या टेक्स्टबुकची आवृत्ती तीन वर्षांत बदलते.

तेव्हा लोखंडी तारा नव्हत्या. वेली पांगाऱ्याच्या जिवंत खांबांवर चढवत. पांगाऱ्याची फांदी जमिनीत रोवली की ती स्वतःच रुजते आणि वेलीला आधार देते. मेंटेनन्स फ्री सपोर्ट म्हणा ना! सिव्हिलवाल्यांनी यावर विचार करावा. १९२५ च्या सुमारास ओझरला द्राक्षाची व्यापारी लागवड सुरू झाली असं सांगतात, आणि मग हळूहळू सगळा निफाड-दिंडोरी पट्टा त्यात ओढला गेला.

मग भोकरी गेली कुठे? तिला कुणी मारलं नाही. ती मागे पडली. थॉम्सन सीडलेस आली. कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्सन नावाच्या गृहस्थावरून हे नाव पडलं, द्राक्ष मात्र मूळचं पश्चिम आशियाकडचं. बिनबियांची, लांबवर टिकणारी, जीएच्या द्रावणात घड बुडवला की मणी हवा तेवढा फुगणारी. पुढे आपल्याच शेतकऱ्यांनी तिच्यातून निवड करून तासगावला तास-ए-गणेश काढली, सोलापूरकडे सोनाका काढली. युरोपातल्या दुकानदाराला अमुक मिलिमीटरचा मणी, अमुक रंग, अमुक ब्रिक्स लागतो. त्यात बी असलेल्या भोकरीने उभं राहायचं कुठे? पांढऱ्या साहेबीचं निदान एवढं भाग्य की पुण्याला गणेशखिंडच्या केंद्रात डॉ. चीमांनी तिच्या बियांच्या रोपांतून एक नवी जात निवडली आणि 'चीमा साहेबी' या नावात तिचं आडनाव तरी शिल्लक राहिलं. भोकरी तमिळनाडूत पच्चद्राक्षा म्हणून बागांमध्ये होती. आमच्याकडे ती परसात उरली.

आज 'नाशिकची द्राक्षं' आणि 'नाशिक व्हॅली वाईन' या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे सरकारी मोहोर आहे की ही चीज याच मातीची. आणि त्या मोहरेखाली असतं काय? नाव कॅलिफोर्नियाचं असलेलं थॉम्सन. वाईनमध्ये फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली शेनिन ब्लाँ, आणि सोव्हिन्यो ब्लाँ. निफाड तालुक्यातच कुणी सिसिलीची ग्रिलोसुद्धा लावली आहे. माझा त्याला विरोध नाही. द्राक्ष हे पीकच बाहेरून आलेलं आहे, भोकरीचे पूर्वजही उंटावरून किंवा गलबतातून आले असतील. पण सहाशे-सातशे वर्षं इथे राहिलेल्याला रेशनकार्ड नाही आणि काल आलेल्याला बंगला, हे मला खटकतं.

वाईनचं सांगायचं तर आमच्या घरालाही तो वारा लागून गेलेला आहे. स्टॅनफर्डला शिकून आलेल्या राजीव सामंतांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस गंगापूर धरणाजवळ वाईनची द्राक्षं लावली आणि २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केलं, विंचूरला वाईन पार्क झालं. गावोगाव मीटिंगा व्हायला लागल्या. वडिलांनी (आम्ही त्यांना दादा म्हणतो) एका वायनरीशी बोलणी करून एक एकर पांढरं वाईनचं द्राक्ष लावलं. मग २००८ ची मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि पुढच्या हंगामात त्या वायनरीचा टेम्पो आलाच नाही. वाईनचा मणी बारीक, बियांचा. तो ना बाजार समितीत चालतो ना बेदाण्याला. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. मला फक्त जेसीबी आठवतो आणि बांधावर रचलेला मुळ्यांचा ढीग. पुढची दोन वर्षं चुलीला तेच सरपण होतं. त्या काळात आमच्या भागात अशा कितीतरी बागा निघाल्या. तेव्हापासून घरात 'वाईन' हा शब्द निघाला की दादा उठून बाहेर जातात.

आता इथून मी तुम्हाला एकदम आल्प्सवर नेणार आहे, पण त्याचं कारण अभ्यासातलंच आहे. मला सेमिनारला विषय मिळाला होता माँ ब्लाँ बोगदा. फ्रान्समधलं शामोनी आणि इटलीतलं कुर्मायर यांना जोडणारा, ११.६ किलोमीटर लांबीचा, १९६५ साली सुरू झालेला. डोक्यावर काही ठिकाणी जवळजवळ अडीच किलोमीटर खडक! १९९९ मध्ये त्यात मालमोटारीला आग लागून ३९ माणसं गेली आणि त्यानंतर बोगद्यांच्या व्हेंटिलेशनचा विचारच बदलला. मी त्यावरच बोलणार होतो. नकाशावर इटलीकडच्या तोंडापासून बोट खाली सरकवत गेलो तर दहाएक किलोमीटरवर मॉर्जे नावाचं गाव लागलं, आणि त्याच्याबद्दल वाचता वाचता व्हेंटिलेशन बाजूला राहिलं.

हे आओस्ता खोरं. मॉर्जे आणि शेजारचं ला साल या दोन गावांच्या उतारावर एक पांढरं द्राक्ष होतं, प्रिए ब्लाँ त्याचं नाव. बागा सुमारे ९०० ते १२०० मीटर उंचीवर आहेत. आपलं नाशिक साधारण ६०० मीटर. म्हणजे त्यांच्या वरच्या बागा आपल्या त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीच्या माथ्याच्या जराशाच खाली, आणि वर बर्फ. युरोपातल्या सगळ्यात उंच बागांमध्ये त्यांची गणना होते. जगभरातली लागवड मिळून पन्नास हेक्टरच्या आत. आमच्या पंचक्रोशीत यापेक्षा जास्त द्राक्ष एका सोसायटीच्या हद्दीत निघेल.

मला धक्का बसला तो फोटोतला मांडव बघून. तिथेही मंडपच! पण कमरेइतका बुटका. दगडी बांध आणि त्यावर इतका खुजा मांडव की माणसाला वाकून, प्रसंगी गुडघ्यावर बसून तोडणी करावी लागते. आपण मंडप डोक्यापेक्षा उंच करतो, कारण आपल्याला घडावर सावली पाहिजे आणि खाली हवा खेळती पाहिजे. त्यांना उलटं हवं. दिवसभर तापलेली जमीन आणि दगड रात्री जी ऊब सोडतात ती घडापर्यंत पोचली पाहिजे आणि वाऱ्याने वेल मोडता कामा नये. एकच स्ट्रक्चर, लोड वेगळे, म्हणून डिझाइन वेगळं. (थंडी आपल्यालाही आहे म्हणा. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की आमच्याकडेही रात्री बागेत शेकोट्या पेटतात.)

दुसरी गोष्ट मुळांची. १८६० नंतर फिलोक्झेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा साफ केल्या. उपाय निघाला तो अमेरिकन जंगली वेलीच्या खुंटावर युरोपियन वेलीचं कलम करण्याचा. आपल्याकडे डॉगरिज खुंट वापरतात तोही अमेरिकनच, फक्त आपलं कारण खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई. मॉर्जेपर्यंत मात्र ती कीड पोचली नाही, म्हणून तिथल्या वेली अजूनही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आमची भोकरीही तशीच, स्वतःच्या मुळांवर.

आणि आता आकडे, कारण आपण इंजिनिअर. मागच्या मार्चमध्ये मी दादांचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन भोकरीचे दहा घड तपासले. सरासरी १७ ब्रिक्स. पुस्तकातही या जातीचं १६ ते १८ असंच दिलेलं असतं. केमिकलच्या एका मित्राने लॅबमधल्या काकांच्या परवानगीने रसाचं टायट्रेशन केलं, फर्स्ट इयरला केलेलं तेच, ब्युरेट आणि फिनॉल्फ्थॅलीन. आंबटपणा बरा निघाला. ब्रिक्सला साधारण ०.५५ ने गुणलं की तयार वाईनमधल्या अल्कोहोलचा अंदाज येतो. म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ टक्के. वायनरीवाले पांढऱ्या द्राक्षाला वीस-बावीस ब्रिक्स मागतात. त्या हिशोबात भोकरी सरळ नापास, एटीकेटीसुद्धा नाही. (रेक्टर सर, आम्ही रस मोजला आणि पिऊन टाकला. आंबवलेलं काही नाही.)

पण मॉर्जेचं द्राक्षही याच वर्गातलं आहे! डोंगरावरचा उन्हाळा छोटा, बर्फाच्या आत द्राक्ष पिकलं पाहिजे. प्रिए ब्लाँ लवकर पिकतं एवढाच त्याचा मोठा गुण. त्याची वाईन हलकी, आंबटसर, अल्कोहोलला कमी. मोठ्या बाजाराच्या फूटपट्टीने तेही कधीच बाद झालं असतं. ते टिकलं कारण गावच्या धर्मगुरूंनी, आबे बूझा यांनी, १९६० च्या दशकात त्याची वाईन नीट बाटलीत भरून दाखवली, आणि १९८३ साली छोट्या छोट्या तुकड्यांच्या मालकांनी मिळून सहकारी संस्था काढली. सहकार! जो शब्द आपल्याकडे बाळ पाळण्यात असताना कानावर पडतो. त्यांनी त्या द्राक्षाला 'तू शेनिनसारखं का नाहीस' असं विचारलं नाही. 'या उतारावर तुझ्याशिवाय दुसरं कोण पिकतं' असं विचारलं. हलकी वाईन हेच त्यांनी नाव केलं. पुढे त्याच आंबटपणातून फेसाळती वाईनही केली.

आपल्याकडे भोकरीला हा प्रश्न कुणी विचारला, असं मला तरी कुठे सापडलं नाही. तिचा रस, तिचा शिरका, तिचं सरबत, किंवा साडेनऊ टक्क्यांची हलकी वाईन, काहीतरी होऊ शकलं असतं. तिची गाठ पडली ती थेट थॉम्सनशी, आणि तीही बाजार समितीच्या ओट्यावर. हे म्हणजे कबड्डीच्या खेळाडूला बास्केटबॉलच्या निवडीला उभं करण्यासारखं झालं.

हे सगळं मी दिवाळीत दादांना सांगितलं. वाईन हा शब्द शक्यतो टाळून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आरे, तुझं खरं हाये. पण ते झाड पॅकहाऊसला खेटून हाये. त्याच्यावर डाऊनी सगळ्यात आधी येतो आणि तिथून बागेत शिरतो. मी काय करू?"

यावर मला लगेच उत्तर देता आलं नाही, कारण ते बरोबर बोलत होते. भोकरी डाऊनी आणि तांबेरा या दोन्ही रोगांना नाजूक आहे. तिच्यापासून तीस फुटांवर आमचा थॉम्सनचा एक्स्पोर्टचा प्लॉट सुरू होतो. तो ग्रेपनेटला नोंदवलेला आहे, प्रत्येक फवारणी वहीत लिहावी लागते, शेवटी मण्यातल्या औषधाच्या अंशाची तपासणी होते. अलीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरातही पाऊस सोडत नाही. फुलोऱ्यात दोन दिवस दमट गेले की घडच्या घड जळतात. बँकेचं कर्ज त्या प्लॉटवर आहे, भोकरीवर नाही. माझी फीसुद्धा त्याच प्लॉटमधून येते. शिवाय शेड वाढवायची आहे, गाडी वळायला जागा नाही. ठरलंय असं की या एप्रिलच्या छाटणीबरोबर ती वेल निघणार.

"आन मांजरीला ठेवत्यात ना असल्या जाती?" दादा पुढे म्हणाले. "मग आपण कशाला?" पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे शेकडो जातींचा संग्रह जपलेला आहे, आणि ते काम मोठंच आहे. पण संग्रहात झाड सांभाळलं जातं, त्याची चव कुणाच्या जिभेवर राहत नाही. मॉर्जेच्या लोकांनी प्रिए ब्लाँ संग्रहाकडे सोपवून सफरचंदं लावली असती तर ते द्राक्ष जगलं असतं, पण मला त्याचं नाव कळलं नसतं.

आबा या सगळ्या चर्चेत काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गोडी छाटणीची कात्री घेऊन स्वतः भोकरीखाली गेले. ऐंशी पार केलेला माणूस, हात थरथरतो, पण डोळा अचूक. भोकरीची छाटणी ते नेहमी सगळ्यात शेवटी करतात. पिकलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडून त्यांनी चार-चार डोळ्यांवर तोडल्या, खालचा काप डोळ्याला लागून सरळ, वरचा तिरका. "तिरका म्हंजे पाणी थांबत नाही आन उलटी लावायची चूक होत नाही," एवढंच बोलले. बारा काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवल्या. त्या मी एसटीने, सर्व्हेइंगच्या जर्नलसोबत, हॉस्टेलवर आणल्या.

रेक्टर सरांनी मेसच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ जागा दिली. माळीमामांनी पोयट्याची माती आणि शेणखत दिलं, आणि रंगाचे रिकामे डबे बी विंगच्या मुलांनी. बारापैकी सात काड्या फुटल्या. दोन जानेवारीच्या थंडीत काळ्या पडल्या. पाच रोपं आज हा लेख लिहिताना टीचभर वाढलेली आहेत, आणि मी दर पंधरा दिवसांनी मोरचूद आणि चुन्याचं सौम्य बोर्डो मिश्रण मारतो आहे. दादांचा डाऊनीचा मुद्दा विसरलेलो नाही.

पाचांपैकी एक मेसच्या काकूंनी मागून घेतलं आहे, त्यांच्या घरी अंबडला अंगण आहे. एक माळीमामा कॅम्पसच्या कुंपणाला लावणार आहेत. एक आबांसाठी, बागेपासून लांब, विहिरीच्या पलीकडे. दादांनी त्या जागेला हो म्हटलं आहे, तिथे आता ते स्वतः खड्डा घेऊन ठेवतील असं आईने फोनवर सांगितलं. दोन रोपं उरतात. ज्याच्या घरी परसात दिवसाचं पुरेसं ऊन आहे, पाणी साचत नाही आणि पावसाळ्यात फवारणी करणारं कुणीतरी आहे, त्याने एप्रिलच्या आत मला बी विंगमध्ये गाठावं. द्राक्षाच्या बागांच्या जवळ राहणाऱ्यांनी मागू नये. पहिली दोन वर्षं फळ धरायचं नाही. आणि बिया असतात, हे आधीच सांगून ठेवतो.